प्राध्यापक देवधरांचा हंगाम

२ सप्टेंबर १९३९ च्या शनिवारी इंग्लंडमधले फुटबॉल क्लब नेहमीसारखे मैदानात उतरले. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि जेमतेम आठवडाभर चाललेली लीग बंद पडली. तीनपैकी तिन्ही सामने जिंकून ब्लॅकपूल पहिल्या श्रेणीत अग्रस्थानी होता. पण ते सामने आणि त्यांतले गोल अधिकृत आकडेवारीतूनच वगळले गेले. ब्लॅकपूलला पुढेही ते अजिंक्यपद कधी मिळाले नाही.

तोच १९३९-४० चा हंगाम हिंदुस्थानात मात्र पुरता खेळला गेला. खेळ वेगळा, क्रिकेटचा. स्पर्धा रणजी करंडकाची, वय अवघे पाच वर्षांचे. सोलापूरच्या दृष्टीने विशेष म्हणजे तो हंगाम आपल्या संघाने जिंकला. आपल्या म्हणजे महाराष्ट्राच्या. महाराष्ट्र राज्य जन्माला यायला अजून वीस वर्षे होती आणि सोलापूर मुंबई इलाख्यातला एक जिल्हा होता. क्रिकेटच्या नकाशावर मात्र 'महाराष्ट्र' १९३४ पासूनच होता. त्याचे मुख्यालय पुण्यात होते, मुंबईचा संघ निराळा होता आणि सोलापूर पुण्याच्या बाजूला होते. राजकारणाला जे १९६० साली जमले, ते क्रिकेटने आपल्यापुरते आधीच उरकून घेतले होते. मुंबईला सोबत घेणे तेवढे त्याला जमले नाही!

संघाचे कर्णधार होते दिनकर बळवंत देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक. जन्म १४ जानेवारी १८९२ चा, म्हणजे ऐन हंगामात त्यांना अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झाली. १९२६ साली मुंबईत आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या होत्या. पण हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा देवधर चाळिशीचे होते. कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही. आपल्या क्रिकेटमधली ही सल मोठी आहे, असे माझे मत. वयाने जे नाकारले ते त्यांनी रणजीत वसूल केले, असे फार तर म्हणता येईल.

त्यांच्या हाताशी होता सांगलीचा विजय हजारे, चोवीस वर्षांचा. त्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे नाबाद ३१६ धावांपर्यंत पोहोचला. रणजी स्पर्धेतले हे पहिलेच त्रिशतक. त्या डावातली गंमत त्याच्या शेपटात आहे. आठ गडी बाद झाल्यावर एन. डी. नगरवाला हजारेच्या सोबतीला आला आणि नवव्या जोडीने २४५ धावांची भर घातली. नगरवालाच्या त्यात ९८. नवव्या क्रमांकाच्या जोडीने अडीचशेच्या घरात जाणे आजही क्वचितच घडते. समोरच्या गोलंदाजांनी तर डाव संपल्यातच जमा धरला असेल.

अंतिम सामना पुण्यातच, संयुक्त प्रांताविरुद्ध झाला. त्या संघाच्या फिरोझ पालियाने २१६ धावांची झुंजार खेळी केली, तरी महाराष्ट्राने सामना दहा गडी राखून जिंकला. मुंबई, नवानगर, हैदराबाद, बंगाल यांच्यापाठोपाठ करंडकावर महाराष्ट्राचे नाव लागले.

पुढच्या हंगामात तर कहर झाला. नोव्हेंबर १९४० मध्ये पुण्यात मुंबईविरुद्ध देवधरांनी स्वतः २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राचा डाव ६७५ वर संपला. मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकरचे द्विशतक, विजय मर्चंटचे शतक आणि एकूण ६५० धावा. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातली आघाडी निकाल लावते. तेराशे पंचवीस धावांच्या त्या डोंगरात पंचवीस धावांच्या फरकाने मुंबई बाहेर पडली. त्याच मोसमात रंगा सोहोनीने पश्चिम भारत संघाविरुद्ध नाबाद २१८ धावा केल्या. अंतिम फेरीत मद्रासला त्यांच्याच शहरात सहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक राखला. नंतर हजारे बडोद्याच्या महाराजांच्या आश्रयाला गेला आणि १९४१-४२ मध्ये करंडक मुंबईकडे परतला.

या साऱ्या काळात एक पारशी मुलगा वाढत होता. पहलाण रतनजी उर्फ पॉली उम्रीगर, जन्म २८ मार्च १९२६. नोंदवह्यांत त्याचे जन्मस्थान सोलापूर असे आढळते. तो मोठा होऊन खेळला मुंबईकडून. भारताकडून ५९ कसोटी, ३,६३१ धावा, बारा शतके आणि १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. कसोटीतले भारतीयाचे हे पहिले द्विशतक. सोलापूरचे नाव कसोटी क्रिकेटच्या पानांवर गेले, पण ते महाराष्ट्राच्या संघातून नव्हे.

देवधर १०१ वर्षे जगले. १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र संघ १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि अनुक्रमे मुंबई, पंजाब व कर्नाटककडून हरला. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या पार्क मैदानावर महाराष्ट्र मणिपूरविरुद्ध रणजी सामना खेळला. करंडकावर महाराष्ट्राचे नाव अजूनही दोनदाच आहे, आणि दोन्ही वेळचे कर्णधार देवधरच.