सोलता येणारा रंग

आमच्या घरी अण्णांची एक निळी चेतक स्कूटर आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवस ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना तिची घरातली जागा सांगावयास नको. अण्णा गेले, स्कूटर राहिली. ती चालवतो मी, पुसतात आमचे चिरंजीव, आणि तिच्यावर नजर ठेवते आई.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी चिरंजीवांनी जाहीर केले, "बाबा, स्कूटर काळी करू या."

मी मराठीचा मास्तर. 'काळे करणे' म्हटले की मला पुढे तोंडच आठवते. मी साफ नाही म्हटले.

"अहो, पण हा रंग नाहीच. रबर आहे. कंटाळा आला की केळ्याच्या सालीसारखा सोलून टाकायचा. खालचा निळा जसाच्या तसा!"

आई म्हणाली, "परत निळी होणार असेल तर करू दे त्याला." मग माझे काय चालणार?

या प्रकाराची माहिती काढली तेव्हा मौज वाटली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७२ साली 'प्लास्टी डिप' नावाचे एक द्रव रबर निघाले. पकडी-पान्यांच्या मुठी त्यात बुडवावयाच्या, म्हणजे हात सटकत नाही, एवढाच त्याचा उद्योग. आमची चेतकही आकुर्डीत १९७२ सालीच जन्मली, हा योगायोग. पुढे ते रबर फवाऱ्याच्या डब्यात आले आणि हौशी मंडळींनी ते मोटारींच्या चाकांवर, जाळ्यांवर, नावाच्या बिल्ल्यांवर मारावयास सुरुवात केली. मग त्या धर्तीचे डबे इतरांनीही काढले. आमच्याकडे आला तो असाच कुणा दुसऱ्याचा.

सबंध गाडीचा रंग बदलावयाचा तर आर. सी. बुकात नोंदलेल्या रंगाचा प्रश्न येतो आणि आर. टी. ओ.ची पायरी चढावी लागते. म्हणून चाकांच्या रिमा आणि पुढचा मडगार्ड, एवढ्यावर तडजोड झाली.

काम मात्र पाहण्यासारखे होते. आधी साबणाने धुणे, मग तेलाचा अंशही राहू नये म्हणून स्पिरिटने पुसणे. टायर झाकण्यासाठी सौ.च्या रमीच्या जोडातले पत्ते टायर आणि रिम यांच्या फटीत एकाला एक लावून खोचले. राण्या-गुलामांची ती प्रभावळ मला अजून दिसते. पहिला हात इतका विरळ, की खालचा निळा निम्मा दिसावा. मग अर्धा-अर्धा तास थांबून एकावर एक पाच हात. इथे कंजुषी केली की पुढे पस्तावण्याची पाळी येते. कारण थर जाड असला तरच सलग साल निघते, पातळ असला तर नखाने तुकडे खरवडत बसावे लागते. चिकटपट्टीसुद्धा शेवटचा हात ओला आहे तोवरच ओढावयाची, नाहीतर तिच्याबरोबर कडही उठते. डब्यातले द्रावक उडून जाते आणि रबराचा पापुद्रा मागे राहतो, एवढेच यातले रसायन. ते द्रावक पेट घेणारे आणि डोके उठवणारे. तोंडाला मास्क लावून सगळे उघड्यावर करावे लागते. आई तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावू लागली, तेव्हा चिरंजीव असे ओरडले की ती काडेपेटी टाकून घरात पळाली.

दसऱ्याला झेंडूची माळ काळ्या मडगार्डवर फारच शोभली, हे मला कबूल केले पाहिजे. खडे उडून टवका जाईल म्हणावे, तर तेही नाही. रबर ते, झेलून घेते. त्याचा वैरी पेट्रोल. भरताना नळीतले थेंब मडगार्डवर सांडले आणि त्याची मागची कड मऊ होऊन सुटली. पावसाळाभर तिथे चिखल शिरत राहिला. शेवटी या श्रावणातल्या एका रविवारी सोलण्याचे ठरले.

रिमांची साल सुरेख निघाली. मडगार्डचीही निघत होती. मध्येच चिरंजीवांचा हात थांबला. सालीच्या आतल्या अंगाला अंगठ्याएवढी निळी कपची चिकटून आली होती आणि मडगार्डवर तेवढाच उघडा पत्रा.

मी पाहताक्षणी ओळखले. मी शाळेत असताना स्कूटर घसरली होती, आणि अण्णांनी छोट्या डबीतला रंग आणून स्वतः ब्रशने तिथे डाग भरला होता. खाली ना प्रायमर, ना पत्रा नीट घासलेला. कारखान्यातला रंग पत्र्याला घट्ट धरून बसतो. हा नुसता वर टेकलेला. रबराने ओढले तसा आला. सोलता येणारा रंग खालच्या रंगाला हात लावत नाही हे खरेच. पण खालचा रंग मुळात पत्र्याला चिकटलेला हवा, एवढी अट आम्ही कुणी विचारात घेतली नव्हती.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. आई बाहेर आली. तिने चष्मा चढवून कपची पाहिली आणि म्हणाली, "तेव्हाही जरा गडदच लागला होता. मी त्यांना म्हटलं होतं."

उघडा पत्रा गंजावयास वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी चिरंजीव रंगाच्या दुकानात गेले, नमुन्यासाठी ती कपची काडेपेटीत कापसावर ठेवून. दुकानदाराने मूळ रंगाशी जुळणारी निळी छटा काढून दिली, ती त्यांनी परत केली. त्यांना कपचीतलीच हवी होती. ती तिसऱ्या दुकानात मिळाली. या खेपेला प्रायमर मात्र आधी लावला.