वेड्या दगडापासून ड्रॅगनच्या डोक्यापर्यंत

छोंगछिंग शहरात नदीवरून जाणाऱ्या केबल कारमध्ये एक पोरगा शेजारच्या मुलीवर छाप पाडायला जातो. ती त्याच्या पायावर टाच रोवते आणि त्याच्या हातातला कोकचा कॅन खिडकीतून सुटतो. खाली चाललेल्या एका खटारा व्हॅनच्या काचेवर तो आदळतो. व्हॅनमधले दोघे उतरून वर बघत शिव्या घालतात, तेवढ्यात मागे व्हॅन उतारावरून घरंगळते आणि एका चकचकीत बीएमडब्ल्यूवर जाऊन धडकते. जवळच वाहतूक पोलीस तीन भुरट्या चोरांची चौकशी करत असतो. धडकेचा आवाज ऐकून तो तिकडे धावतो आणि चोर निसटतात. एका कॅनच्या पडण्यातून गोष्टीतली सगळी माणसं आपल्यासमोर आलेली असतात.

2006 साली आलेल्या निंग हाओच्या ‘क्रेझी स्टोन’ची ही सुरुवात. चीनमधल्या चोरीच्या विनोदी चित्रपटांची पुढची सात वर्षं आठवायची तर मला इथूनच निघावं लागतं, कारण नंतर जे बिघडलं ते इथं किती जमून आलं होतं हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

डबघाईला आलेल्या एका हस्तकला कारखान्यात मौल्यवान हिरवा पाषाण सापडतो. कामगारांचे पगार कित्येक महिने थकलेले आहेत आणि कारखान्याच्या जमिनीवर बिल्डरचा डोळा आहे. पाषाणाचं प्रदर्शन भरवायचं, पैसा उभा करायचा आणि कारखाना वाचवायचा, एवढीच आशा. राखणीला सुरक्षाप्रमुख बाओ. हा भला माणूस प्रोस्टेटच्या दुखण्यानं बेजार आहे, पण आधी पाषाण, मग दवाखाना म्हणून तपासणी पुढे ढकलतो. चोरायला एकीकडे ते तीन भुरटे, दुसरीकडे हाँगकाँगहून आलेला, अंगभर साधनं बांधलेला सराईत चोर. खऱ्या-खोट्या पाषाणाची इतकी अदलाबदल होते की शेवटी चोरालाही कळत नाही आणि राखणदारालाही. प्रत्येक जण आपापल्या मुलखाच्या बोलीत बोलतो. मी तो सबटायटल्सवर पाहिला, तरी बोलींचे हेल बदलतात हे कानाला जाणवत राहतं.

खर्च सुमारे 30 लाख युआन, कमाई 2 कोटींच्या पुढे. पैसे कुठून आले हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हाँगकाँगचा सुपरस्टार अँडी लाउ याच्या कंपनीनं आशियातल्या नवख्या दिग्दर्शकांसाठी एक उपक्रम काढला होता, त्यातून निंग हाओला संधी मिळाली. अँडी लाउ स्वतः चित्रपटात कुठेही नाही. मोठ्या नटानं पैसा द्यावा आणि बाजूला व्हावं, यापेक्षा चांगलं काम त्या वर्षी कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

मग चिनी चित्रपटांचा बाजार फुगत गेला. 2006 मध्ये देशभरातली तिकीटविक्री 260 कोटी युआनच्या आसपास होती, 2013 मध्ये ती 2100 कोटींच्या वर गेली. निंग हाओचा 2009चा ‘क्रेझी रेसर’ चांगला चालला. तो मी घाईत ओलांडतो, कारण मला पोचायचं आहे 2012च्या डिसेंबरला.

जॅकी चॅन आमच्या पिढीला केबलवर हिंदी डबिंगमधून भेटला. शिडी, खुर्ची, सायकल, हाताला लागेल ते घेऊन लढणारा आणि लागलं की खरोखर विव्हळणारा. त्या डिसेंबरात आलेल्या ‘चायनीज झोडियाक’मध्ये तो पुन्हा ‘आर्मर ऑफ गॉड’ मालिकेतला खजिनाशोधक होऊन येणार, आणि शोध कशाचा, तर युआनमिंगयुआनमधल्या बारा कांस्यशीर्षांचा, हे कळलं तेव्हा माझ्या अपेक्षा फार वाढल्या होत्या. विषयच तसा आहे.

अठराव्या शतकात छ्यानलोंग सम्राटानं बीजिंगजवळच्या या उद्यान-महालात युरोपीय घडणीच्या वास्तू उठवल्या. तिथल्या एका कारंज्यावर चिनी राशिचक्रातले बारा प्राणी बसवले होते. कल्पना इटालियन जेझुइट कास्तिल्योनेची, पाण्याची यंत्रणा फ्रेंच जेझुइट बनुआची. प्रत्येक प्राणी आपल्या वाट्याच्या दोन तासांत तोंडातून पाणी सोडायचा आणि भर दुपारी बाराच्या बारा एकदम. म्हणजे ते पाण्याचं घड्याळ होतं. ऑक्टोबर 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी महाल लुटला. वाटाघाटीला गेलेल्या मंडळींना चिनी बाजूनं कैद केलं होतं आणि त्यांतले कित्येक हाल होऊन मेले होते. मेलेल्यांत हिंदुस्थानी घोडदळाचे स्वारही होते. त्याचा सूड म्हणून ब्रिटिशांचा दूत लॉर्ड एल्गिननं महाल जाळायचा हुकूम दिला. हाच एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि 1863 मध्ये धरमशाला इथं वारला. त्याची कबर तिथल्या चर्चच्या आवारात आहे. पार्थेनॉनची शिल्पं उचलून नेणारा एल्गिन त्याचा बाप.

या शीर्षांच्या बाबतीत खरी चोर-विनोदिका पडद्याबाहेरच घडून गेली होती. फेब्रुवारी 2009 मध्ये पॅरिसला फॅशनकार ईव्ह सॅं लोराँच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्यात उंदीर आणि ससा होते. चीननं विरोध केला, पण लिलाव थांबला नाही. फोनवरून सर्वांत वरची बोली लागली, दोन्हींची मिळून 3 कोटी 10 लाख युरोंच्या वर. काही दिवसांनी बोली लावणारा त्साय मिंगचाओ बीजिंगमध्ये पत्रकारांसमोर आला आणि आपण पैसे देणार नाही म्हणाला. स्वतः प्राचीन वस्तूंचा जाणकार व्यापारी असलेल्या माणसानं आपली पत पणाला लावून लिलावच निकामी केला. हे दृश्य मला कोणत्याही पटकथेपेक्षा मोठं वाटतं. त्यात धाडस आहे, फसवणूक आहे, हसू आहे आणि त्या हसण्याखाली दीडशे वर्षांची जखम आहे.

‘चायनीज झोडियाक’ला यातलं काही साधलं नाही. सुरुवातीला जॅकी अंगभर चाकं लावलेला पोशाख घालून डोंगरातल्या रस्त्यावरून पोटावर, पाठीवर घसरत पळतो, आणि त्या वेळी त्यानं साठी जवळ केली आहे हे विसरायला होतं. शेवटाकडे कोचावरची मारामारीही फार सुंदर आहे. कोचावरून जो उतरेल तो हरला, एवढा साधा नियम, आणि त्या दोन हातांच्या जागेत दोघं काय काय करतात! या दोन प्रसंगांच्या मधला चित्रपट मात्र फ्रान्समधल्या वाड्यातून बेटावर, बेटावरून चाच्यांच्या तावडीत असा भरकटत जातो. गोष्ट थांबवून एक तरुणी लुटीबद्दल भाषणं देते. तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, म्हणूनच ते इतक्या कोरड्या तऱ्हेनं मांडलेलं बघवत नाही. पैशासाठी चोरणारा नायक शेवटी ड्रॅगनचं डोकं वाचवायला ज्वालामुखीच्या उतारावर अंग झोकून देतो. तो बदलला कधी, हे आपल्याला दिसतच नाही.

माझ्या मते चूक वस्तू निवडण्यात नाही, वस्तू कुणाची आहे हे न दाखवण्यात आहे. ‘क्रेझी स्टोन’मधला पाषाण गेला तर बाओची नोकरी जाते, कारखाना जातो. आपण हसतो तेव्हा पोटात भीतीही असते. ‘चायनीज झोडियाक’मधली शीर्षं राष्ट्राची आहेत असं वारंवार सांगितलं जातं, पण ती गेल्यानं ज्याच्या डोळ्याला पाणी येईल असा एकही माणूस आपल्या ओळखीचा होत नाही. शिवाय लेखन, दिग्दर्शन, निर्मिती धरून जॅकीनं एकट्यानं पंधरा जबाबदाऱ्या घेतल्या आणि त्याचा गिनेस विक्रम झाला. त्यातली पटकथेची एक जरी दुसऱ्याला दिली असती तर!

चित्रपट चालला. चीनमध्ये त्यानं 88 कोटी युआनच्या आसपास गल्ला जमवला. पण त्याच महिन्यात ‘लॉस्ट इन थायलंड’ आला आणि 125 कोटींच्या पुढे गेला. कमी खर्चातला, साधा, रस्त्यावरचा विनोद. त्याचा दिग्दर्शक-नट श्यू झंग म्हणजे ‘क्रेझी स्टोन’मधला बिल्डर आणि सोबतचा हुआंग बो म्हणजे त्या तीन भुरट्यांपैकी एक.

सहा महिन्यांनी, जून 2013 मध्ये, ‘स्विच’ आला. नायक खुद्द अँडी लाउ. चोरीला जाणारी वस्तू म्हणजे हुआंग गोंगवांगची चौदाव्या शतकातली ‘फूछुन पर्वतातला निवास’ ही चित्रगुंडाळी. 1650 मध्ये तिच्या मालकानं मरताना ती सोबत यावी म्हणून आगीत टाकायला लावली, पुतण्यानं ओढून काढली, तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. धाकटा तुकडा हांगचौच्या संग्रहालयात, थोरला तैपेईला. 2011 मध्ये ते तैपेईत एकत्र मांडले गेले होते. एवढं सगळं हाताशी असून ‘स्विच’मध्ये फक्त झगमगीत हॉटेलं आणि कपडे आहेत. चित्राकडे कॅमेरा नीट थांबून बघतसुद्धा नाही. चिनी प्रेक्षकांनी त्याला दहापैकी जेमतेम तीनच्या आसपास गुण दिले, तरी तो बघायला गर्दी केली. अँडी लाउचं मला खरोखर वाईट वाटलं. सात वर्षांपूर्वी अस्सल काय ते त्यानंच तर ओळखलं होतं.

याच गुंडाळीवर एक चित्रपट अजून होऊ शकतो. 1745 मध्ये छ्यानलोंगकडे तिची नक्कल आली. ती त्याला अस्सल वाटली. दुसऱ्या वर्षी खरी आली, तेव्हा तिला त्यानं नक्कल ठरवलं. मग आयुष्यभर तो त्या नकलेवर जागा मिळेल तिथं टिपणं लिहीत आणि शिक्के मारत राहिला. आज नकलेवर आकाशाची रिकामी जागा उरलेली नाही. शाईनं ती भरून गेली आहे. नक्कल ठरलेल्या खऱ्या चित्रावरचे डोंगर मात्र मोकळे आहेत, धुकंही तसंच आहे.

आणि ‘स्विच’ लागला होता त्याच जून महिन्यात पॅरिसचे उंदीर आणि ससा बीजिंगला परत आले. लिलावसंस्थेच्या मालक कुटुंबानं ते चीनला भेट दिले. साप, मेंढी, कोंबडा आणि कुत्रा यांचा पत्ता अजून लागलेला नाही.