पठारावरचा वारा, सातबाऱ्यावरचा करार

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटर उंच. नैर्ऋत्य मोसमी वारा इथे जोरात येतो, त्यामुळे इथल्या पवनचक्क्यांची वर्षातली बरीच वीज पावसाळ्यातच निघते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते; म्हणूनच जागा ठरवण्याआधी मनोरा उभारून निदान वर्षभर वारा मोजतात. सेकंदाला साधारण 3 मीटर वेगाला वीज सुरू होते, 25 च्या आसपास यंत्र स्वतःच थांबतं.

पवनचक्क्या ढग पळवतात, ही दुष्काळात पसरलेली समजूत मात्र खरी नाही. खरा प्रश्न जमिनीचा आहे. पाया थोडीच जागा घेतो, भोवती पीक घेता येतं. पण लांबलचक पाती वर न्यायला रुंद रस्ते लागतात. त्यात बांध फुटतात, ओढ्याच्या वाटा अडतात. मोऱ्या कोण बांधणार, 20-25 वर्षांनी यंत्र मोडीत निघाल्यावर काँक्रीट कोण उपसणार, हे करारात लिहून घ्यायलाच हवं. आणि सामायिक सातबाऱ्यावर एकाच भावाची सही घेऊन व्यवहार उरकणं हा उरलेल्या खातेदारांवर, विशेषतः बहिणींवर, उघड अन्याय आहे.