विद्यार्थी मंडळाची घटना कुणासाठी?

महाविद्यालयातलं वाङ्मय मंडळ किंवा विज्ञान मंडळ घटना लिहायला बसलं की बहुतेक वेळ उद्दिष्टांवर जातो. सर्वांगीण विकास, कलागुणांना वाव ही वाक्यं मनापासून लिहिलेली असतात, पण त्यांच्यावरून मंडळात भांडण होत नाही. भांडण होतं ते उरलेली वर्गणी कुणाकडे आहे आणि सरचिटणिसाने परस्पर घेतलेला निर्णय मंडळाचा मानायचा का, यावरून. घटना आधी या जागांसाठी लिहायला हवी. गावच्या वाचनालयात एखादे जुने विश्वस्त सगळ्या प्रथा तोंडपाठ सांगू शकतात. तीन वर्षांच्या पदवीच्या महाविद्यालयात दर उन्हाळ्यात एक अख्खी तुकडी निघून जाते, तिथे कागदावर न उतरलेली प्रथा टिकायची कशी? घटना लिहिणारे आज एकमेकांना ओळखतात. ती वापरणारे मात्र अजून शाळेत आहेत.

‘आम्ही सगळे मित्रच, नियम कशाला?’ हा आक्षेप म्हणूनच अपुरा आहे. उलट, दर सहामाहीला हिशेब सभेपुढे ठेवावा आणि खात्यातून पैसे दोघांच्या सहीनेच निघावेत, असं आधीच ठरलेलं असलं की खजिनदाराकडे हिशेब मागणं अविश्वासाचं ठरत नाही. मैत्री अशा नियमानेच वाचते.

सर्वात जास्त विचार गणपूर्तीचा करावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या सभागृहाला एकूण सदस्यांच्या एकदशांश उपस्थिती पुरते. साठ जणांच्या मंडळाने हाच आकडा उचलला तर सहा जणांची सभा भरते, आणि ते सहा जण म्हणजे बहुधा कार्यकारिणीच! निम्मी उपस्थिती ठरवली तर परीक्षेच्या दिवसांत सभाच होत नाही. एकतृतीयांश, म्हणजे वीस, मला रास्त वाटते. गृहनिर्माण संस्थांच्या नोटिशीत तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी, गणपूर्तीविना घेण्याची सोय असते. रोजच्या कामकाजाला ती चालेल. निवडणूक आणि घटनादुरुस्तीला चालू देऊ नये.

माणसं वाईट निघाली तर चांगली घटनाही वाईट ठरते, असं डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं होतं. मग एवढा खटाटोप का? कारण हे जाणणाऱ्या आंबेडकरांनीच मसुद्यातल्या कलमांसाठी सभागृहात किल्ला लढवला, आणि दुरुस्तीची वाटही मोकळी ठेवली. अनुच्छेद ३६८ मध्ये उपस्थित मतदारांचं दोनतृतीयांश आणि एकूण सदस्यांचं बहुमत अशा दोन्ही अटी आहेत. साठ जणांच्या मंडळाने त्या घेतल्या तर वीस जणांच्या सभेत एकमत झालं तरी घटना बदलत नाही. किमान एकतीस मतं लागतात. पंधरा दिवस आधी दुरुस्तीचा मसुदा सगळ्यांना पाठवला आणि सभा परीक्षांपासून दूर ठेवली, तर तेवढी मतं जमणं अवघड नाही.