पडवीबाहेरचे आरोग्य

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर, भाट्याच्या पुळणीवर, अथवा १९१० साली बांधलेल्या थिबा राजवाड्यानजीकच्या त्या कड्यावर, जेथून काजळी नदीची खाडी सागरास मिळताना दिसते, सायंकाळी जी वृद्ध मंडळी जमतात, ती केवळ कालक्षेप करीत नसून स्वतःच्या प्रकृतीची उत्तम तजवीज करीत असतात. दिवसाच्या उजेडाने निद्रेचा क्रम सुधारतो, चालण्याने रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहण्यास साहाय्य होते, आणि समवयस्कांच्या गप्पांनी एकाकीपणाचे ओझे हलके होते. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींस आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम व तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचविते. ओहोटीनंतरच्या घट्ट, ओल्या वाळूवर तो सुखाने साधतो. तथापि वैशाखातील दमट हवेत घाम सुकत नसल्याने अंग निवत नाही, म्हणून दुपार टाळावी. आणि पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेथे एकदा पाय घसरला की खुब्याचे हाड मोडण्याचे भय असते, म्हणून तेव्हा पडवीतच येरझारा घालाव्यात. एरवी मात्र घरातील तरुणांनी आजीआजोबांना हात धरून बाहेर न्यावे, आणि नगरपरिषदेने वाटेवर बाके व कठडे पुरवावेत, हे उभयतांचे कर्तव्यच होय.