डायव्हिंगची ट्रिप बुक आहे आणि तिथे राडा सुरू झालाय... जायचं की नाही, ठरवायचं कसं?

समजा, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतली चार पोरं आहेत. मालवणला जाऊन पहिल्यांदा स्कूबा केलं, पाण्याखालचे मासे बघितले आणि नादच लागला. आता मालदीव नाहीतर थायलंड. वर्षभर साठवलेल्या रजा, हप्त्यावर काढलेली तिकिटं, मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन, सगळं तयार. आणि निघायला दहा दिवस असताना मोबाईलवर व्हिडिओ येतो. टायर जळतायत, पोलीस पळतायत, खाली त्याच देशाचं नाव.

ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, जीव महत्त्वाचा, कॅन्सल करा. दुसरी म्हणते, राडा राजधानीत आहे, आपण बेटावर जाणार, माशांना कुठं राजकारण कळतंय?

दोन्ही पार्ट्यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं या पोरांच्या रोजच्या कामात सापडतं.

कारखान्यात बंद टाकीत माणूस उतरवायचा असेल तर परमिट लागतं. फॅक्टरीज अ‍ॅक्ट, १९४८ च्या कलम ३६ मध्ये ही तरतूद होती. एक तर जाणकार माणसाने स्वतः तपासून टाकीत धोकादायक वायू नाही असा लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वास घेण्याचं उपकरण आणि कमरेला पट्टा लावायचा, पट्ट्याला दोरी बांधायची आणि त्या दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. थोडक्यात, टाकीत काय आहे याच्याइतकाच 'काही झालं तर माणूस बाहेर कसा काढणार' हा प्रश्न मोठा.

परदेशातल्या डायव्हिंगचंही तसंच. बेट शांत असेल, पण दोरी कुठून जाते?

मालदीव, फेब्रुवारी २०१८

१ फेब्रुवारी २०१८ ला मालदीवच्या सुप्रीम कोर्टाने तुरुंगात असलेल्या विरोधी नेत्यांना सोडण्याचा आदेश दिला. राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांनी तो पाळला नाही आणि ५ तारखेला थेट १५ दिवसांची आणीबाणी लावली. सरन्यायाधीशांसह दोन न्यायमूर्तींना अटक झाली, माजी राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनाही उचललं. पुढे आणीबाणी ३० दिवसांनी वाढली आणि २२ मार्चला उठली.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितलं की, माले आणि इतर बेटांवरचा गरजेचा नसलेला प्रवास पुढची सूचना येईपर्यंत लांबणीवर टाका. चीननेही आपल्या लोकांना तसंच सांगितलं, तेही चिनी नववर्षाच्या सुट्टीच्या तोंडावर.

प्रत्यक्षात रिसॉर्ट चालू होते, विमानं येत होती. कारण मालदीवचा भूगोल. विमानतळ माले शहरात नाही, तो शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. तिथे उतरायचं आणि स्पीडबोट किंवा सीप्लेनने थेट रिसॉर्टच्या बेटावर जायचं. बहुतेक रिसॉर्टला स्वतंत्र बेट असतं. मोर्चे निघत होते त्या रस्त्यावर पाय ठेवायची वेळच येत नव्हती.

पण डायव्हरची दोरी इथे संपत नाही. गंभीर आजारी माणसाला न्यायचं मोठं सरकारी हॉस्पिटल, म्हणजे भारताच्या मदतीने उभारलेलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल, माले शहरातच आहे. आणि सीप्लेन फक्त दिवसा उडतात. लांबच्या बेटावर संध्याकाळी अपघात झाला आणि शहरात कर्फ्यू असला, तर मधल्या वाटेवर सगळं अवलंबून.

डायव्हर लगेच पळू शकत नाही

एमआयडीसीत कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्याला हे पटकन कळेल. ३० मीटर खोलीवर अंगावर चार वातावरणांएवढा दाब असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींमध्ये विरघळतो. हळूहळू वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. झपकन वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, जास्त झालं तर लकवा किंवा मृत्यू. याला डिकंप्रेशन सिकनेस म्हणतात. त्यावर आधी ऑक्सिजन द्यायचा आणि मग हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे माणसाला आत ठेवून पुन्हा दाब वाढवणारं दंडगोल यंत्र. असे चेंबर प्रत्येक बेटावर नसतात.

विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. त्यामुळे डाईव्ह करून लगेच विमानात बसलं तरी बुडबुडे होऊ शकतात. म्हणून नियम असा की, एकच साधी डाईव्ह केली असेल तर किमान १२ तास थांबा, रोज किंवा एकापेक्षा जास्त डाईव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. बरेच ट्रेनर सरसकट २४ तास सांगतात.

आता हे अशांततेच्या काळात लावून बघा. दूतावासाचा मेसेज येतो, 'आज रात्री शेवटचं विमान आहे, निघा.' बीचवर पडलेला पर्यटक बॅग उचलतो आणि निघतो. दुपारी तिसरी डाईव्ह करून आलेल्याला मात्र शरीर परवानगी देत नाही. एकाच हॉटेलात राहणाऱ्या दोघांसाठी धोका वेगळा असतो, तो असा. (ट्रॅव्हल एजंट हे सहसा सांगत नाहीत. त्यांना माहीत असेलच असंही नाही.)

दोरी तुटते कुठे?

बऱ्याचदा दंगल होते तिथे नाही.

श्रीलंका, २०२२. आधी पैसा संपला, मग पेट्रोल-डिझेल. २७ जूनला सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सगळ्यांना इंधन देणं दोन आठवड्यांसाठी बंद केलं. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. पण डायव्हरसाठी खरी बातमी आधीची होती. बोट डिझेलवर चालते. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरणारा कॉम्प्रेसर डिझेलवर नाहीतर विजेवर चालतो. किनाऱ्यावरून हॉस्पिटलला नेणारी गाडीही इंधनावरच. समुद्रकिनारी एकही दगड न पडता सुरक्षेच्या तीन गोष्टी एकदम डळमळतात. गंमत अशी की राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे १३ जुलैला देश सोडून पळाले ते मालदीवलाच.

दुसरी जागा म्हणजे विमानतळ. नोव्हेंबर २००८ मध्ये थायलंडमध्ये सरकारविरोधी आंदोलक बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळात घुसले. २५ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. फुकेतचा समुद्र तेव्हाही निळाच होता, पण लाखो प्रवासी देशात अडकले. अलीकडचं उदाहरण नेपाळचं. सप्टेंबर २०२५ मध्ये २६ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म बंद केल्यावर तरुण रस्त्यावर आले, ८ तारखेला गोळीबारात माणसं मेली, ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला आणि काठमांडूचं विमानतळ बंद झालं. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं. अडकलेल्यांमध्ये महाराष्ट्रातले पर्यटकही होते. बाकीच्या शहरात शांतता आहे म्हणून आपलं हॉटेल सुरक्षित, हा हिशेबही तिथे चुकला, कारण आंदोलकांनी मोठी हॉटेलंही पेटवली.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आठ दिवसांची रजा पंधरा दिवसांची झाली, तर वरचे दिवस बिनपगारी.

आणि 'रिसॉर्ट लांब आहे' या वाक्याचा सगळ्यात वाईट अनुभव इजिप्तला आला. २०११ आणि २०१३ मध्ये कैरो पेटलं असताना तांबड्या समुद्रावरची डायव्हिंगची गावं बरीचशी शांत होती. पण ३१ ऑक्टोबर २०१५ ला त्यातल्याच शर्म अल-शेखहून उडालेलं रशियन विमान सिनाईवर कोसळलं, २२४ जण गेले. इस्लामिक स्टेटने जबाबदारी घेतली, रशियाने बॉम्बस्फोट असल्याचं सांगितलं. रस्त्यावरचं आंदोलन आणि पर्यटकांनाच लक्ष्य करणारा दहशतवाद या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात अंतर कामाला येतं, दुसऱ्यात येत नाही. दुसऱ्या प्रकारची शंका असेल तर तिथे जाऊच नये.

सूचना वाचायची कशी?

व्हायरल व्हिडिओ बाजूला ठेवा, तो कुठला आणि कधीचा हेच बऱ्याचदा खोटं असतं. आधी परराष्ट्र मंत्रालयाचं आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं अकाउंट बघा. भारताची सूचना सहसा दोन-चार ओळींची असते, म्हणून त्यातलं जागेचं नाव नीट वाचायचं.

जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई झाली. तेव्हा भारतीय दूतावासाने थायलंडच्या पर्यटन खात्याचा हवाला देऊन सात प्रांतांमधली ठिकाणं टाळायला सांगितली. उबोन रत्चथानी, सुरिन, सिसाकेत, बुरीराम, सा काओ, चंथाबुरी आणि त्रात. फुकेत त्यात नाही. को ताओ बेट सुरत थानी प्रांतात येतं, तेही नाही. पण को चांग आणि को कूड ही डायव्हिंगची बेटं येतात त्रात प्रांतात. म्हणजे 'थायलंड सेफ आहे का?' या प्रश्नाला एक उत्तरच नव्हतं, ते तुमचं बेट कोणत्या प्रांतात आहे यावर होतं.

जोडीला ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाची सरकारी प्रवास सूचनेची पानं बघावीत. तिथे भागानुसार तपशील असतो.

या सूचनेचा इन्शुरन्सशीही संबंध आहे. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये युद्ध, दंगल आणि साहसी खेळ वगळलेले असतात. सरकारने 'जाऊ नका' म्हटल्यावर गेलात तर क्लेम अडकू शकतो, आणि गडबड सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या गडबडीसाठी सहसा चालत नाही. त्यामुळे २०१८ मध्ये मालदीवला जाणारा भारतीय बेटावर सुरक्षित असता, पण हॉस्पिटलचं बिल त्याच्याच खिशातून जाऊ शकलं असतं. पॉलिसीत स्कूबा हा शब्द, खोलीची मर्यादा आणि चेंबरचा खर्च लिहिलेला आहे का, हे तिकीट काढायच्या आधी बघायचं.

मग डाईव्ह सेंटरला मेसेज टाकायचा. 'सेफ आहे ना?' असं विचारलं तर 'या, सगळं ओके' असंच उत्तर येणार, त्यांचा धंदा आहे. त्याऐवजी विचारा की या आठवड्यात रोज बोट निघतेय का, डिझेल मिळतंय का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, सगळ्यात जवळचं चेंबर कुठे आहे आणि ते आज चालू आहे का, तिथे न्यायला किती वेळ लागतो, रस्त्यात कर्फ्यू आहे का. जो सेंटरवाला यातल्या चेंबरच्या प्रश्नावर विषय बदलतो, त्याच्याकडे देशात शांतता असतानाही जाऊ नये.

उत्तरं बरी आली आणि जायचं ठरलंच, तर तिकीट तारीख बदलता येईल असं काढावं, हातात दोन दिवस जास्तीचे ठेवावेत आणि परिस्थिती बिघडतेय असं दिसलं की आधी डाईव्ह थांबवाव्यात, म्हणजे १८ तासांचं घड्याळ लवकर सुरू होतं. उत्तरं आली नाहीत तर अंदमान आहे, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी आहे. आणि पावसाळा संपला असेल तर मालवण आहेच.