नवी डिस्क सरस, तरी जुनी का टिकली?

बाजारात नवा माल आला की दुकानदार बंधूंची घालमेल सुरू होते. जुना माल पडत्या भावाने काढावा की ठेवावा? नवा किती भरावा? घाईत निर्णय होतो आणि भांडवल अडकते. कापडात हे नेहमीचेच आहे. घरी सिनेमा पाहण्याच्या डिस्कच्या धंद्यातही हेच घडले. ती हकीकत प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे.

डीव्हीडी १९९६ साली प्रथम जपानात विक्रीस आली. तेव्हा घरोघरी व्हिडिओ कॅसेट होती. कॅसेटची फीत झिजे, सिनेमा संपला की ती उलटी गुंडाळावी लागे. आपल्याकडे व्हीसीडीही चाले, पण तिच्यावर जेमतेम सव्वा तासाचे चित्रण मावे. एका हिंदी सिनेमाला दोन-तीन डिस्क लागत. डीव्हीडीत अख्खा सिनेमा एका डिस्कवर आला, चित्रही स्वच्छ. हा फरक साध्या टीव्हीवरही दिसत होता. शिवाय बहुतेक डीव्हीडी प्लेअरवर जुन्या व्हीसीडी चालत, म्हणून गिऱ्हाइकाचा घरातला संग्रह फुकट गेला नाही. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. फरक उरला सहा रुपयांचा. एवढ्यासाठी कोण जुनी वस्तू घेणार?

त्याआधीच, २००६ साली, ब्ल्यू-रे डिस्क आली होती. डीव्हीडी लाल लेझरने वाचली जाते, ब्ल्यू-रे निळसर जांभळ्या लेझरने. हा किरण बारीक, म्हणून तेवढ्याच आकाराच्या डिस्कवर मजकूर जास्त दाट बसतो. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावते, ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ५७६ ओळींचे, ब्ल्यू-रेचे १०८० ओळींचे. म्हणजे माल निर्विवाद सरस.

त्याच वर्षी तोशिबा कंपनीने एचडी डीव्हीडी नावाची दुसरी डिस्क काढली. तिची बांधणी डीव्हीडीसारखीच होती. त्यामुळे कारखानदाराला जुन्या मशिनरीत थोडा फेरफार करून ती बनवता येई. प्लेअरही स्वस्त होता. तरी ती हरली. सोनीने २००६ च्या नोव्हेंबरात आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातच ब्ल्यू-रे बसवली आणि ती खेळण्याच्या निमित्ताने घराघरांत शिरली. मग जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या चित्रपट कंपनीने यापुढे ब्ल्यू-रेच काढू असे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात तोशिबाने माघार घेतली. यंत्र कितीही स्वस्त असो, त्यावर लावायला माल मिळत नसेल तर गिऱ्हाईक फिरकत नाही.

बरोबरीची स्पर्धक हरली, पण ब्ल्यू-रेला जुन्या डीव्हीडीची जागा घेता आली नाही. कारणे साधी आहेत. एक, जादा ओळींचा फरक दिसायला घरात मोठा एचडी टीव्ही हवा. म्हणजे डिस्क, प्लेअर आणि टीव्ही असा तिहेरी खर्च. दोन, ब्ल्यू-रे प्लेअरवर डीव्हीडीही चालते आणि आधीपेक्षा बरी दिसते. त्यामुळे प्लेअर खपला, पण तोच सिनेमा पुन्हा विकत घेण्याची गरज उरली नाही. तीन, डीव्हीडी स्वस्त होती, आणि रोजच्या करमणुकीला तेवढे चित्र पुरेसे होते.

आणि हे दोघे झुंजत असताना तिसराच दारात येऊन उभा राहिला. नेटफ्लिक्सने २००७ साली इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली. पुढे त्याच कंपनीने टपालाने डिस्क भाड्याने देण्याचा आपला मूळ धंदा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. ज्यांनी नवी का जुनी या वादात गोदामे भरली, त्यांना डिस्कच नको असलेले गिऱ्हाईक दिसले नाही.

यातून आपण काय घ्यावे? नवा माल भरण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. याचा फरक गिऱ्हाइकाला त्याच्या घरात, त्याच्या साधनांवर दिसेल काय? त्याच्याकडे आधी असलेली वस्तू याच्यासोबत चालेल काय? किमतीतला फरक त्याला सोसेल काय? आणि या दोन्ही वस्तूंची गरजच संपवणारे तिसरे काही येत आहे काय? चारही उत्तरे मनाजोगी मिळेपर्यंत नमुन्यापुरताच माल ठेवावा. कर्ज काढून गोदाम भरणे म्हणजे तिजारत नव्हे, तो जुगार आहे. हातातले भांडवल ही अल्लाहची अमानत आहे आणि तिच्यावर घरच्यांची, कारागिरांची रोजी अवलंबून आहे, हे विसरू नये.